सातवा लागेपर्यंत

आधीच माफी मागतो. मी लग्न न झालेला मुलगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं अन्न कधी सुरू करावं यावर मी लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. ज्या बायकांनी हे लिहायला हवं त्यांना बसायला वेळ मिळत नाही, आणि आमच्या घरात तर माझ्याआधी कुणी काही लिहिलेलंच नाही. म्हणून मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो. चुकलं तर समजून घ्या.

माझी ताई कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या बनवते. कुठल्या गाडीत कुणाचा माल, कुठे उतरायचा, ते कॉम्प्युटरवर चढवायचं. ऑफिसात ती एकटीच बाई. ही नोकरी तिने स्वतः जाऊन, विचारून मिळवलेली. माझी भाची झाली तेव्हा शेठने तिची खुर्ची तीन महिने राखून ठेवली. मग फोन सुरू झाले. चौथा महिना संपला तेव्हा त्याने सांगितलं, सोमवारपासून ये, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो.

त्या रविवारी मी कामोठ्याला ताईच्या सासरी गेलो होतो. बाळ ताईच्या मांडीवर पीत होतं आणि ताईच्या सासूबाई, मी त्यांना काकी म्हणतो, समोर लसूण सोलत होत्या.

"सोप्पंय," काकी म्हणाल्या. "पाचवा लागलाय. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात नाहीतर सातव्यात. गुरुवारी उरकून टाकू. मग मी पेज देईन, नाचणीचं सत्त्व देईन. तू जा कामाला."

"आरोग्य केंद्रातल्या सिस्टर सहा महिने म्हणाल्यात, आई."

"सहावा सम. सहाव्यात मुलीचं करत नाहीत."

"मग सातव्यात करू."

"सातव्यापर्यंत पोर नुसत्या दुधावर? आणि ते दूध तू लोखंड बाजारात घेऊन बसणार?"

भाऊजी तळोज्याहून रात्रपाळी करून आले होते. भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणाले, "मला विचारू नका. मी झोपलोय."

मग ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू शिकलायस."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय, मीटर जास्त का पळतो, सगळं मला विचारतात. मी कॉमर्सला आहे. यंत्राची किंमत दरवर्षी किती घटते ते मला काढता येतं. बाळाचं मला काय कळणार? तरी विचारलं, "सिस्टर नक्की काय म्हणाल्या? सहावा महिना, की सहा महिने पूर्ण?"

"पूर्ण म्हणाल्या. मान नीट धरायला हवी, आधार दिला की बसायला हवी, आणि चमचा लावला की जिभेने ढकलायला नको."

"मग सहा पूर्ण झाले की सातवाच लागतो ना. म्हणजे त्यासुद्धा सातवाच सांगतायत."

काकींनी लसूण खाली ठेवला आणि बोटांच्या पेरांवर मोजून पाहिलं. दोनदा मोजलं. "मग सरळ सातवा म्हणायचं ना! शिकलेल्या माणसांना सरळ बोलताच येत नाही." हे त्या बोलल्या सिस्टरना, पण बघत होत्या माझ्याकडे. "बरं, सातवा तर सातवा. पण तोवर दुपारचं काय? तीन मजले, लिफ्ट नाही, माझे गुडघे तुम्ही बघताय. तूच ने तिला आईकडे. मामा आहेस ना?"

काढलेलं दूध वाटी-चमच्याने देऊन पाहिलं होतं. ती जीभ बाहेर काढून सगळं हनुवटीवर ढकलायची. बाटलीला तोंडच लावत नव्हती. त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता.

सकाळी पनवेलला कॉलेज, तिथून कामोठे, तीन मजले वर, तीन मजले खाली, बाळाला दुपट्यात गुंडाळून रिक्षाने कळंबोली. परत तेच उलटं. बाजारात सळया उतरत असतात तेव्हा कानात दडे बसतात. पहिल्या दिवशी भाची प्रत्येक आवाजाला दचकत होती, आठवड्याने त्याच आवाजात माझ्या खांद्यावर झोपायला लागली. माझंही तसंच झालं. शेवटच्या लेक्चरला काय शिकवलं, हे मला विचारू नका.

ऑफिसात पाजायला जागा नव्हती. एक खोली, दोन टेबलं, आणि सतत आत-बाहेर करणारे ड्रायव्हर. पहिल्या दिवशी ताई बाळाला घेऊन नुसतीच उभी राहिली. तेव्हा दाराशी चहा पीत असलेला एक ड्रायव्हर, आमच्या सांगलीकडचाच, म्हणाला, "ताई, गाडी उभी हाय माजी. माल भरायला अजून येळ हाय. केबिनला पडदं हायत. बसा बिनघोर."

तेव्हापासून रोज कुठली ना कुठली गाडी मिळायची. ताई पायरीवर पाय ठेवून वर चढायची, मी खालून बाळ द्यायचो आणि टायरला टेकून, पाठ करून उभा राहायचो. हातात नोट्स असायच्या, पण वाचायचो कमी. ड्रायव्हर लोकांना माझी सवय झाली होती. "आली का मामाची एक्सप्रेस?" "आज लेट आहे रे, पॅसेंजर रडतंय!" मी हसायचो.

एकदा कामोठ्याच्या नाक्यावर बराच वेळ रिक्षा मिळेना. ऊन, बाळाचं रडणं, माझ्या पोटात सकाळपासून काही नाही. केळीवाल्याकडून एक केळं घेतलं आणि सोललं. भाची एकदम गप्प झाली. केळ्याकडे बघायला लागली. तोंड थोडं उघडं. सहा पूर्ण व्हायला अजून बरेच दिवस होते. मनात आलं, एक बोट लावलं तर काय होणार आहे? कदाचित तिलाच हवं असेल. कदाचित आजपासून ही वणवणही संपेल. हे दुसरं कारण मनात आलं आणि पहिल्यावरचा माझा विश्वास उडाला. तिला खांद्यावर पलीकडे वळवलं आणि तिला दिसणार नाही असं ते केळं खाऊन टाकलं. ती परत रडायला लागली.

सातवा लागला. रविवारी उष्टावण झालं. पहिला घास मामाने द्यायचा, म्हणून मांडी घालून बसलो. मान धरत होती, बसतही होती. काकींनी भाऊजींची अंगठी धुऊन दिली. ती खिरीत बुडवून मी भाचीच्या ओठांना लावली. तिने असं तोंड केलं की भाऊजीसुद्धा खळखळून हसले. खीर माझ्या शर्टावर आली.

सगळ्यांना वाटलं, पहिल्या दिवशी असं होतंच. पण सोमवारी पेज नको, मंगळवारी वरणाचं पाणी नको, मग उकडलेला बटाटा नको. ओठ घट्ट मिटून घ्यायची. माझी एक्सप्रेस चालूच राहिली.

"बघितलंस?" काकी जिन्याच्या तोंडाशी मला म्हणाल्या. "पाचव्यात दिलं असतं तर आज ताटात हात घातला असता पोरीनं. सवयीचं वय निघून गेलं. तुझी ती सिस्टर येते का आता भरवायला?"

हे मी ताईला सांगितलं नाही. पण घरी तेच ती रोज ऐकत असणार. एका दुपारी केबिनमधून उतरून ती पायरीवरच बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "शेठ म्हणाला, मॅडम, तुमचं लंच लांबतंय आजकाल. घरी गेले की आई म्हणतात, पोर वाळली. दूध पण कमी झाल्यासारखं वाटतं. मी चुकले का रे?"

"सिस्टर म्हणाल्या ना, वेळ लागतो. रोज थोडं थोडं द्यायचं, जबरदस्ती नाही करायची."

"ते मी पण ऐकलंय. तुला काय वाटतं?"

मी बाळाचं टोपडं सरळ केलं आणि म्हणालो, "ताई, पुढच्या आठवड्यात माझे पेपर आहेत. दुपारचे."

ती बाळाला घेऊन पायरीवरून उठली. मग म्हणाली, "तू पेपर दे. बाकी काही डोक्यात आणू नकोस. आई बघतील. नाहीच राहिली तर मी शेठला सांगून टाकते, दुसरं माणूस बघा म्हणून. दोन्हीकडं अर्धं अर्धं नाही जमत आता."

"अगं, एवढ्यासाठी नोकरी..."

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. रागावली नव्हती. रागवायलाही दमली होती. बाळाला माझ्याकडे देऊन ऑफिसात गेली.

पहिला पेपर अकाउंट्सचा होता. ताळेबंद जुळत नव्हता. दुपार झाली तसं मनात आलं, या वेळी ती रडायला लागली असेल, काकी तिला घेऊन खिडकीशी उभ्या असतील. मी तीच बेरीज परत परत करत होतो. शेवटी न जुळलेलाच कागद देऊन बाहेर आलो. फोन बॅगेत, बॅग वर्गाबाहेरच्या ढिगात. चालू केला तर काकींचे चार कॉल. लावला.

"काय मामा, कुठे होतास?"

"पेपर होता, काकी. काय झालं? रडतेय का?"

"रडून झालं मघाशीच. भरवत होते तर तोंडच उघडेना. मग मीच टाकला नाद आणि आपली जेवायला बसले, तिला मांडीवर घेऊन. तर माझ्याच ताटात हात! भात मुठीत धरला आणि घातला तोंडात. तसाच मिटक्या मारत खाल्ला. मग मी कुस्करून, वरण घालून दिला. वाटी संपवली मामा, अख्खी वाटी. आता पालथी झोपलीये. तुझ्या बहिणीला सांगितलं फोनवर, तर ती रडायला लागली, आता तिला काय झालं ते तिलाच ठाऊक. तिला म्हटलं, काम कर तुझं. आणि तू अभ्यास कर. उद्या न्यायची नाही पोरीला."