माय, एक गोटा द्या

लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचा हात धरून बाजारातून चालायचं, ही गोष्ट आमच्या वाशीमकडे त्या काळी केवढी लाजेची होती, ते आजच्या पोरींना सांगून पटायचं नाही. नवरा पुढे, बायको चार पावलं मागे, डोक्यावर पाटी आणि पदर कपाळापर्यंत ओढलेला. शेजारी चालली तरी लोक वळून बघत. मी मात्र धरायची. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, आणि ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. कारण आमच्या ह्यांना दिसत नव्हतं.

लग्न झाल्यावर देवीच्या साथीत ह्यांचे डोळे गेले. तरणाताठा माणूस. सासूने ऊर बडवून घेतला, मीही रडले. पण त्यानंतर मला जे मिळालं ते एकाही जावेच्या नशिबात नव्हतं. मळ्यातली वांगी, मेथी घेऊन बाजाराला निघताना मी दाराशी पायरीच्या दगडावर उभी राहायची, हे हात पुढे करायचे आणि मी तो धरून चालू लागायची. थोरली जाऊ एकदा म्हणाली, "तुही मजा हाय बाई. आमचा मानूस तं घरातबी आमच्याकडं पायत नाई."

"आग लागो असल्या मजेले," मी म्हटलं. पण मनातून मला फार बरं वाटलं. बाजारात दुकानदार मलाच विचारायचे, ह्याला काय पाहिजे, ह्याला कुठे बसवू. मी सांगायची. ह्यांना भूक लागली की नाही, हेसुद्धा मीच सांगायची.

मग शिरपूरचा तो दोरवाला आला आणि माझ्या संसारात माती कालवली. जन्माचा आंधळा, अंबाडीचे दोर वळायचा आणि बाजारात विकायचा. आवाज असा, की आख्खा बाजार वळून बघे. त्याने आजूबाजूच्या गावांतले आंधळे शोधून काढले आणि बाजाराच्या दिवशी देवळामागच्या धर्मशाळेत त्यांची बैठक भरवायला सुरुवात केली. आंधळ्यांचं मंडळ. गावाला हसायला निमित्तच मिळालं. एक व्यापारी त्याच्या तोंडावर म्हणाला, "आता आंधळं दळीन आन् कुत्रं पीठ खाईन."

"म्हनून तं मंडळ काहाडलं, शेठ," दोरवाला म्हणाला. "कुत्रं हाकलाले."

हे त्या दिवशी इतके हसले, की मी हातातली मेथीची जुडी आपटली.

मंडळाचा एक नियम होता. डोळस माणसाने आत यायचं नाही. पहिल्या दिवशी मी ह्यांना धरून आत शिरले तर दोरवाल्याने माझ्या पावलांवरूनच ओळखलं. "बाई, तुमी भायेर बसा. डोळेवाला आला की आमच्या आंधी तोच बोलते." मी बाहेर बसले, निंबाखाली, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. आतून हसण्याचे आवाज येत होते. त्यात ह्यांचा आवाज मला ओळखू आला, आणि मला वाटलं, हा माणूस माझ्याजवळ कधी असा हसला? परत येताना विचारलं, काय बोलत होते एवढं? "काई नाई, असंच," हे म्हणाले. मी भराभर पावलं टाकत त्यांना घरी आणलं.

थोड्याच दिवसांत ह्यांच्या हातात बांबूची काठी आली. दोरवाल्याने दिलेली. जमिनीवर टेकवत कुठे दगड, कुठे नाली, कुठे चिखल हे ओळखायला तो त्यांना शिकवत होता. एका बाजाराला मी नेहमीसारखी पायरीवर उभी राहिले, आणि हे माझ्या बाजूने काठी टेकवत निघून गेले. "तू ये मांगून. मले वाट समजते."

मांगून! मी पाटी उचलली आणि चार पावलं मागे चालू लागले, जावांसारखीच. थोरली जाऊ दारात उभी होती. तिने आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सवतीवर जळतात तशी मी त्या बांबूवर जळत होते.

त्याच दिवसांत मंडळातला एक म्हातारा बाजाराच्या वाटेवरच्या विहिरीत पडून मेला. ती विहीर उघडीच होती, कठडा नाही, काठावर नुसतं गवत. दोरवाला, आमचे हे आणि आणखी काही जण म्युनिसिपल कमिटीत गेले आणि कठडा बांधून मागू लागले. तिथल्या साहेबाने आधी सांगितलं, आंधळ्यांनी विहिरीकडे जायचंच कशाला? मंडळी हटेनात. रोज जाऊन दारात बसू लागले. शेवटी त्यांना टाळायला साहेब म्हणाला, गवंडी आणि चुना आम्ही देतो, दगड तुम्ही आणा. आंधळे दगड कुठून आणणार, असा त्याचा हिशेब होता.

पण मंडळाने दगड मागायलाच सुरुवात केली. दारोदार. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात अशी रांग करून ते गल्लीत शिरायचे, मागून एक बैलगाडी. आणि दारात एकच बोल: "माय, एक गोटा द्या." बायका आंधळे पाहून सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायच्या. "दाने नोको माय. गोटा द्या." बायका गोंधळून जायच्या. भीक घालायला हात लगेच पुढे व्हायचा, दगड द्यायचा म्हटलं की विचार करत उभ्या राहायच्या. कोणी फुटका पाटा द्यायची, कोणी परसातला धुण्याचा दगड.

आमच्या गल्लीत रांग आली त्या दिवशी हे सगळ्यांच्या पुढे होते, गल्ली ओळखीची म्हणून. आणि ह्यांच्या खांद्यावर हात होता एका बाईचा. माझ्याच वयाची, आंधळी, लग्न न झालेली. भावाकडे राहायची आणि त्याचं दळण दळायची. मंडळात बाया आहेत हे मला ह्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

हे आमच्या दारात थांबले. आपल्या दारात! काठी पायरीला लागली, दार कोणाचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. तरी सरळ उभे राहून म्हणाले, "माय, एक गोटा द्या."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. बायकोला माय म्हणता? बायकोच्या दारात परके होऊन उभे राहता, आणि खांद्यावर ती? मी पहार आणली आणि पायरीचा दगड उखडायला लागले. सासू ओरडत होती, "अवो, काय करून राह्यली?" मी ऐकलं नाही. दगड मोकळा करून ह्यांच्या पायाशी लोटला. "घ्या! तुमाले आता पायरी कायले लागते!"

हे वाकले आणि दगडावरून हात फिरवला. ती बाई पुढे आली. दोन्ही हातांनी दगड चाचपला, कमरेवर घेतला आणि गाडीकडे निघाली. मी तिच्या मागे गेले.

"माह्या मानसाच्या खांद्यावर हात ठेवाचा नाई," मी म्हटलं.

तिने दगड गाडीत टाकला, हात झटकले. "नाई ठेवत. दुसऱ्याचा खांदा घेईन. मले रांगेत चालाचं हाय, कोनाबी मांगं चालीन." मग जरा थांबून म्हणाली, "बाई, आमाले लोक हात नाई देत. मनगट धरतेत आन् वढतेत, गाईचं दावं वढावं तसं. माहा भाऊबी तसाच. आन् तुमीबी तुमच्या मानसाले तसंच नेता म्हने."

"कोन म्हने?"

"तुमचा मानूसच म्हने. बैठकीत."

मी घरात आले. पायरीच्या जागी खड्डा पडला होता, त्यातच पाय मुरगळला. रागाने मला रडूही येईना. बैठकीत म्हने! मला नाही सांगितलं, त्या सगळ्यांना सांगितलं. मग स्वतःचाच उजवा हात डाव्या मनगटावर धरून पाहिला. बोटं तिथेच बसली, इतक्या वर्षांची सवय. ह्यांचा तळहात कसा आहे हे आठवू लागले, तर आठवलं नाही.

ह्यांना मी काही विचारलं नाही. गवंडी आला, कठडा उभा राहिला. फुटके पाटे, जोत्याचे चिरे, धुण्याचे दगड, सगळं चुन्यात बसलं. बाजाराच्या दिवशी मी मागे, हे पुढे, असे आम्ही विहिरीजवळ आलो. तिथे हे थांबले. काठी बगलेत धरून कठडा चाचपू लागले. एका ठिकाणी हात थांबला.

"ही आपली पायरी," हे म्हणाले.

मी पाहिलं. खरंच आपलीच होती.

"मनगटाचं त्या लोकाईले सांगतलं, मले काहून नाई सांगतलं?" माझ्या तोंडून गेलंच.

"तू सोडून देशीन म्हनून," ते म्हणाले. "मनगट तं मनगट, धरलं तं होतं."

मग त्यांनी हात पुढे केला. तळहात वर, बोटं मोकळी. काठी बगलेत होती, वाट पाठ होती, विहिरीला कठडा होता. आता धरायला काहीही कारण उरलं नव्हतं. विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या, त्यात आमची थोरली जाऊही होती, आणि सगळ्यांचे दोर हातात थांबले होते. मी पाटी डोक्यावर सारखी केली आणि त्यांच्या हातात हात दिला.

"काहून वो," त्यातली एक ओरडून म्हणाली, "आता तं त्याले सोतानं चालता येते ना?"

"येते," मी म्हटलं, आणि आम्ही बाजाराकडे निघालो.