कोपऱ्यावरची रेस

लग्न न झालेली मुलगी आणि जुनी मोटारसायकल, या दोन गोष्टी घरात असल्या की येणारा-जाणारा प्रत्येक जण फुकटचा सल्ला देऊन जातो. आमच्याकडे दोन्ही आहेत. मुलगी म्हणजे मी, आणि मोटारसायकल बाबांची, मी शाळेत असताना घेतलेली. "आता किती दिवस ठेवता," असं पाहुणे विचारत, तेव्हा नक्की कोणाबद्दल चाललंय हे मला नीट कान देऊन ऐकावं लागे. बाबा दोन्ही सल्ले सारख्याच शांतपणे ऐकून घेत आणि चिवड्याची बशी पुढे सरकवत.

गाडीचं इंजिन अजून ठणठणीत होतं. दिवा मात्र देवघरातल्या समईसारखा. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांचा मोठा दिवा बॅटरीवर चालत नसे. इंजिन फिरताना जी वीज तयार होई, तिच्यावर थेट चाले. म्हणजे रेस दिली की उजेड, रेस सोडली की अंधार. आता वळण आलं, खड्डा आला की शहाणा माणूस रेस सोडतो. त्यामुळे नेमकं जिथे पाहायची गरज, तिथेच काही दिसायचं नाही. ही गाडी ज्याने बनवली त्याने ती संध्याकाळी कधी चालवली नसावी, असं माझं मत आहे.

बाबांनी यावर तोड काढली होती. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोपऱ्यावर नाल्याचा छोटा पूल आहे. तिथे ते थांबत, क्लच दाबत आणि एक मोठी रेस देत. दिवा घटकाभर उजळे, त्यांना पूल दिसे, मग ते वळत. ती भर्रर्र सगळ्या लेआउटला ऐकू यायची. बाकीच्यांना तो नुसता आवाज होता. आमच्या घरात मात्र तो इशारा होता, कारण बाबा मित्रांकडे गप्पा मारायला गेले की इकडे आई माझी स्कूटर शिकत असे.

आईला स्कूटर शिकायची होती ती हुडकेश्वरला जाण्यासाठी. तिथे मावशी एकटी राहते. बाबा आईला तिच्याकडे नेत नसत असं नाही. न्यायचे, अगदी हौसेने न्यायचे, आणि मग तिथेच बसायचे. मांडीवर हेल्मेट घेऊन, खुर्चीच्या कडेवर. पहिला चहा झाला की घड्याळाकडे बघायचे, दुसरा झाला की "चला आता." दोघी बहिणींना जे खरं बोलायचं असे ते त्या हेल्मेटसमोर कसं बोलणार? बहुधा बाबांबद्दलच असणार ते. एकदा परत आल्यावर आई चिडून मला म्हणाली होती, "मले एक दिवस तिच्याजवळ नुसतं बसायचं आहे वं. कोणी चला न म्हणता."

मग बाबांपासून लपवायचं कशाला? तर त्यामागे एक लुना होती. फार वर्षांपूर्वी बाबांनी आईला लुना शिकवायला घेतली आणि पहिल्याच दिवशी ती एका पाणीपुरीच्या ठेल्यात शिरली. ठेलेवाला वाचला, आई वाचली, पण ती गोष्ट काही मेली नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात बाबा ती सांगत, आणि दर वेळी एखादी पाणीपुरी वाढवत. आईही सगळ्यांबरोबर हसायची. मी मात्र तिचं हसणं जवळून पाहिलेलं आहे. या वेळी लायसन हातात आल्याशिवाय आणि हुडकेश्वरला एकटीने जाऊन आल्याशिवाय त्यांना कळू द्यायचं नाही, असा तिचा पण होता. अर्धवट शिकताना सापडली असती, तर नवी गोष्ट तयार झाली असती आणि आईने हँडल कायमचं सोडलं असतं.

घरामागे रिकामे प्लॉट आहेत. तिथे आई साडी खोचून गोल गोल फिरायची आणि मी मागे मागे पळायचे. कोपऱ्यावर भर्रर्र झाली की आई खाली, मी हँडलवर. बाबा गाडी लावून आत येईपर्यंत आई ओट्याशी मेथी निवडत असे. या कामासाठी आम्ही फ्रिजमध्ये मेथीची एक जुडी खास ठेवली होती. ती निवडली जायची, पण तिची भाजी कधीच व्हायची नाही. बाबांनी एकदा विचारलंही, की आपल्याकडे रोज मेथी निवडतात आणि ताटात रोज वांगी कशी येतात.

आणि मग एका संध्याकाळी बाबा रेतीच्या ढिगात गेले. कोणीतरी घर बांधायला काढलं होतं आणि रेती सरळ रस्त्यावर टाकली होती. समईच्या उजेडात ती कुठून दिसणार? काही झालं नाही, जरा खरचटलं, असं म्हणून ते आत गेले. त्यांच्या शर्टाच्या खिशातून रेती सांडत होती. मला भीती वाटली आणि भीती वाटली की मला राग येतो. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या रविवारी या गाडीला एलईडी दिवा लागणार, आणि तो मी घरीच लावणार. मेकॅनिकला हात लावू देणार नाही.

सीताबर्डीच्या बाजारात जाऊन मी दिवा आणला, वायर आणली, फ्यूज आणला आणि बॅटरीची वीज दिव्याला जोडणारी, रिले नावाची काळी डबी आणली. मोबाइलवर लोक हे काम किती हसतखेळत करतात ते पाहून ठेवलं. घरी येऊन सगळं ओट्यावर मांडलं तेव्हा आईने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. यानं काय होते, असं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, की आता दिवा बॅटरीवर चालेल, गाडी उभी असली तरी उजेड सारखाच, बाबांना रेस द्यायची गरजच नाही.

आईने हातातली काळी डबी ओट्यावर ठेवली. "मंग आपल्याले कसं कळंन, ते येऊन राहिले म्हणून?"

आपणच आपल्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं.

रविवारी सकाळी अंगणात दुकान मांडलं. दिव्याची गोल वाटी उघडली. आत इतकी धूळ आणि इतके मेलेले किडे होते, की बाबांना आजवर थोडंफार दिसत होतं याचंच नवल वाटावं. पिवळा बल्ब काढून नवा दिवा बसवला आणि आधी जुन्याच वायरवर लावून पाहिला. लागला, पण नुसता फडफडत होता. बाबा म्हणाले, यापेक्षा जुनाच बरा होता. आईने त्यांना इतक्या जोरात दुजोरा दिला, की ते जरा दचकले. मी म्हटलं, थांबा, अजून रिले लागायचा आहे. आणि रिलेकडे हात नेला, तर रिले नाही.

अंगण पाहिलं, पिशव्या झटकल्या, खाटेखाली वाकून पाहिलं. आई माझ्याबरोबर फार मन लावून शोधत होती. जिथे तो असणं शक्यच नाही अशा जागा ती आधी सुचवत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, तर ती गुलाबाच्या कुंडीत शोधायला लागली. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला नाही. अजून थोडेच दिवस हवे होते तिला. फक्त आठचा आकडा काढायचा राहिला होता, लायसनच्या परीक्षेत काढायला लावतात तो. मीही शोधण्याचं नाटक सुरू ठेवलं.

ऊन वाढलं तसे बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. जरा खरचटलं म्हणाले होते ते कोपरापासून पार मनगटापर्यंत सोलून निघालेलं होतं. चार दिवस त्यांनी उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचे सदरे का घातले, ते तेव्हा कळलं. घरात लपवाछपवी करणाऱ्या आम्ही दोघीच नव्हतो तर. आई कुंडी सोडून उठली. त्यांचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि आत गेली. मला साबुदाण्याच्या डब्याचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. परत आली ती हळद घेऊन. बाबांकडे जाण्याआधी तिने माझ्या हातात रिले ठेवला. त्याला दोन-चार साबुदाणे चिकटलेले होते.

"लाव," ती हळूच म्हणाली. "त्यायले दिसलं पाहिजे."

मी लावला. बॅटरीवरून वायर, मध्ये फ्यूज, रिले, सगळं जागच्या जागी. चावी फिरवली आणि दिवसाउजेडीसुद्धा भिंतीवर पांढरा गोळा पडला, न फडफडता. संध्याकाळी झोत नीट करायला घेतला, तेव्हा पहिल्यांदा तो फारच वर गेला आणि समोरच्या काकांच्या बाल्कनीत पडला. काकांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्याचं अख्ख्या लेआउटला सांगितलं होतं. ते झोतात उभे राहून तळहातावर खर्रा घोटत होते. मी घाईघाईने झोत खाली केला. आई खिडकीतून बघत होती. उद्या आपली पाळी, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा नवा दिवा मिरवायला मित्रांकडे गेले. मी आईला म्हटलं, आजचा दिवस राहू दे. तिने ऐकलं नाही. आठचा आकडा अर्ध्यावर होता. ती फिरत होती पण अर्धी नजर कोपऱ्याकडे, त्यामुळे आठाचा कधी सहा होत होता, कधी भोपळा. अंधारून आलं आणि पुलावर पांढरा दिवा दिसला. आवाज काहीच नाही. आई प्लॉटच्या मधोमध, साडी खोचलेली, एक पाय जमिनीवर. पळायला वेळच नव्हता. संपलं सगळं, असं मला वाटलं.

दिवा पुलावर थांबला.

आणि मग भर्रर्र. नेहमीसारखी, उलट नेहमीपेक्षा जरा लांबच. दिवा तेवढाच राहिला, रतीभरही वाढला नाही. रेस थांबली तरी बाबा तिथेच उभे होते. आई उतरली, मी हँडल धरलं, ती मागच्या दाराने आत गेली. तेव्हा कुठे गाडी वळली.

बाबांनी गाडी लावली, दोनदा खाकरले आणि सावकाश आत आले. मी विचारलं, बाबा, आता रेस कशाला देता, गरज नाही ना. सवय आहे, म्हणाले. हात धुतले, पंच्याला पुसले, आणि स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून माझ्या जवळ आले.

"उजवीकडं वळताना पाय खाली टाकते ती," ते म्हणाले. "तेवढं सोडव तिले. आठ नाही जमणार तसं."

मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा कसं दिसतं, ते मला आजवर माहीत नव्हतं. ते मांजर म्हणजे आम्ही दोघी. आत आई मेथी निवडत होती. नंतर मी पुलावर मुद्दाम जाऊन उभी राहिले, तर तिथून मागचे सगळे प्लॉट तळहातासारखे दिसतात. बाबांचं बिंग मी फोडलं नाही. आईचा पाय मात्र सोडवला, आणि ते श्रेय स्वतःकडेच ठेवलं. तिला आठ जमला. लायसन मिळालं.

त्यानंतरच्या रविवारी चहा पिताना तिने सांगून टाकलं, मी हुडकेश्वरला चालली, स्कूटरनं, एकटी. बाबांनी वर न पाहता पेट्रोल आहे का एवढंच विचारलं. पाणीपुरीचं नावही काढलं नाही. ती गेल्यावर मात्र त्यांना वर्तमानपत्र सुचेना. दुपार कलली तसे ते बूट घालून वऱ्हांड्यात खुर्चीच्या कडेवर येऊन बसले, मांडीवर हेल्मेट घेऊन. मी चहा दिला. संध्याकाळ झाली, दुसरा दिला. तो संपल्यावर त्यांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. मलाही काळजी वाटायला लागली होती. मी म्हटलं, फोन करून विचारू का, केव्हा निघते ते?

बाबांनी हेल्मेट खाली फरशीवर ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बसू दे तिले."