संडासातलं कॅलेंडर

लेकीच्या घरी पोचल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तिच्या संडासातलं कॅलेंडर उतरवलं. आमच्या ब्रह्मपुरीत कॅलेंडर म्हणजे वर देवाचं चित्र, खाली चतुर्थी-एकादशी, आणि कोपऱ्यात दूधवाल्याचे खाडे. वर्ष संपलं तरी ते केरात टाकायला हात धजत नाही. आणि इथं नेदरलँड्समध्ये माझ्या शिकल्यासवरल्या लेकीनं ते कमोडच्या समोर टांगलेलं! मी दारातच कपाळाला हात लावला.

नीट पाहिलं तर त्यावर देव नव्हता, तिथी नव्हती, वारसुद्धा नव्हते. नुसत्या तारखा, आणि काही तारखांपुढे लेकीच्या अक्षरात माणसांची नावं. वाढदिवस असणार, एवढं मला कळलं. जावयाचं नाव होतं, विहीणबाईंचं होतं, माझ्या नवऱ्याचंही होतं. बाजारात ज्या माणसाला दहाजण थांबून ‘भाऊ, राम राम’ म्हणतात, त्याचं नाव संडासात! माझं डोकं फिरलं. मग मी बाराही पानं उलटून माझं नाव शोधलं. ते कुठंच नव्हतं. तेव्हा तर डोकं जास्तच फिरलं.

पण लेक नुकतीच बाळंत झालेली, वरच्या मजल्यावर नातीला कुशीत घेऊन झोपलेली. बाळंतिणीशी कोण भांडणार? मी कॅलेंडर ओल्या फडक्यानं पुसलं, वाळवलं आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डिंकाच्या लाडवांच्या डब्यामागे ठेवलं. लेकीचं सगळं वरच होतं, न्हाणीघरसुद्धा, त्यामुळे तिच्या ते लक्षात आलं नाही. जावई नाकासमोर चालणारा माणूस. त्याला खिळा रिकामा दिसला असेलही, पण विचारायचं त्याला सुचलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण. माहेर सिरोंच्याचं, सासर ब्रह्मपुरीचं. तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन बाळंतपणाला गेले होते. लेकीचं गाव अगदी बेल्जियमला लागून. सरहद्द सरहद्द म्हणून जावई मला कौतुकानं दाखवायला घेऊन गेला, तर रस्त्याच्या कडेला एक निळी पाटी, बाकी काही नाही. मी म्हटलं, बापू, मी गोदावरीच्या काठची. आमच्या माहेरी नदीच्या पल्याड दुसरं राज्य, आणि अर्ध्या सोयरिकी तिकडच्याच. मला काय सरहद्द दाखवता?

पण गंमत होती खरी. इकडची घरं एका साच्यातून काढल्यासारखी, ओळीत, सारख्या विटांची. पाटी ओलांडली की प्रत्येक घर वेगळं, एक बुटकं, एक उंच, एकाचं तोंड भलतीकडेच. इकडचा रस्ता गुळगुळीत. गाडी खडखडली की समजायचं, बेल्जियम आलं. इकडचे लोक सुटीच्या दिवशी सायकली काढून तिकडे बटाट्याचे तळलेले काप खायला जातात, येताना तिकडचा पाव आणतात, आणि आणता आणता तिकडच्यांना नावं ठेवतात. तिकडचे म्हणतात, हे लोक कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा लगेच बंद करतात. त्यात मात्र तिकडच्यांचं खरं होतं. मी डबा बंद होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

तो डबा होता शेजारणीचा. सत्तरीची, उंचीपुरी, एकटी विधवा बाई. तिची धाकटी बहीण लग्न करून बेल्जियमात गेलेली, दर रविवारी सायकलवर येणारी. बारसं व्हायच्या आधीच शेजारीण बाळ पाहायला आली, तीसुद्धा चार दिवस आधी वेळ ठरवून, बरोबर दहाला. लेकीनं तिला तिथल्या रीतीप्रमाणे टोस्टवर लोणी लावून वर गुलाबी साखरेतली बडीशेप घालून दिली. मुलगी झाली की गुलाबी. मला फार बरं वाटलं. बाळंतिणीच्या घरी बडीशेप, म्हणजे माणसं अगदीच परकी नाहीत.

या बाईवर आमचं सगळं गाडं अडलं होतं. माझा व्हिसा संपला की लेकीची रजाही संपणार होती. पाळणाघरात जागा मिळाली ती तीनच दिवसांची. उरलेले दोन दिवस नातीला कोण पाहणार? शेजारणीनं आपणहून सांगितलं होतं, मंगळवार आणि गुरुवार मी सांभाळीन. ती नसती तर लेकीला नोकरी सोडावी लागली असती, आणि ती नोकरी तिनं किती खस्ता खाऊन मिळवली ते मला माहीत आहे.

तर असा तो शनिवार. जावई कामासाठी जर्मनीत. बाहेर झिमझिम पाऊस. मी खिडकीशी मेथी निवडत होते. तिथं कोणी पडदे लावत नाही. समोरून जाणाऱ्याला घरातली ताटंसुद्धा मोजता यावीत अशा मोठाल्या काचा. शेजारणीची बैठकीची खोली पुढे आलेली, तिची बाजूची काच थेट आमच्यासमोर. पाहते तर तिच्याकडे एकेक माणूस येऊन राहिलेला. काळे-करडे कोट, हातात पांढरी फुलं. आत खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडलेल्या. येणारा आधी शेजारणीचा हात हातात घेई, गालाला गाल लावी, मग गोलातल्या प्रत्येकाशी तेच. मग मुकाट्यानं खुर्चीवर बसून मांडीवर बशी. कोणी हसत नव्हतं, कोणी उठत नव्हतं. थोड्या वेळानं सगळ्यांनी मिळून काहीतरी म्हटलं. भजनच, दुसरं काय?

मला वाटलं, हे तर दुखवट्याला बसायला आलेले. शेजारीण तर बसलेली दिसत होती, मग गेलं कोण? दर रविवारी येणारी बहीण काही दिसली नाही. अरे देवा, म्हटलं, धाकटी बहीण गेली!

आता आमच्याकडची रीत सांगते. बाळंतिणीच्या कानावर मरणाची बातमी घालत नाहीत. तान्ह्या लेकराला दुखवट्याच्या घराचं वारंसुद्धा लागू देत नाहीत. मी उठले आणि त्या बाजूचा पडदा सर्रकन ओढून घेतला. गेल्या चार वर्षांत तो पडदा कोणी ओढला नसेल. लेक वरून म्हणाली, आई, शेजारी गाड्या कुणाच्या आल्या? मी म्हटलं, असतील कुणाच्या, तू झोप. रविवारी बहीण आली नाही, तेव्हा माझी खात्रीच पटली. मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

मंगळवारी दहाला शेजारीण येणार होती, नातीची दुधाची, झोपेची वेळ समजून घ्यायला. आली नाही. त्या देशात दहाची माणसं दहाला नाही आली तर काहीतरी मोठं बिघडलेलं असतं. दुपारी लेकीच्या फोनवर शेजारणीच्या दोन ओळी आल्या. दोन दिवस सांभाळण्याबद्दल मी पुन्हा विचार करीन म्हणते. बस, एवढंच.

लेक जिना उतरून खाली आली, ओली बाळंतीण, पायात मोजे नाहीत, आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बाई, आता लपवून काय उपयोग, तिची बहीण वारली. शनिवारी लोक बसायला आले होते.

लेक रडायची थांबली. “शनिवारी?” म्हणत ती संडासात गेली, आणि रिकाम्या खिळ्यासमोर उभी राहिली.

“आई, कॅलेंडर कुठी आहे?”

मी लाडवांच्या डब्यामागून काढून दिलं. तिनं पान उलटलं आणि त्या शनिवारच्या तारखेवर बोट ठेवलं. तिथं शेजारणीचं नाव होतं. मग ती मला हळूहळू सांगायला लागली. इथं वाढदिवस असाच करतात, गोल बसून. नुसतं उत्सवमूर्तीचंच नाही, तिच्या बहिणीचं, भाच्याचं, शेजाऱ्याचं, सगळ्यांचं अभिनंदन करायचं असतं. जवळच्यांना आमंत्रण नसतं, त्यांनी लक्षात ठेवून यायचं असतं. ती इथं आली तेव्हा तिला एक माणूस ओळखत नव्हता, तेव्हा पहिल्यांदा ज्या गोलात तिला खुर्ची मिळाली तो हा. चार वर्षांत तिनं तो एकदाही चुकवला नव्हता. यंदा आली नाही ते नाही, वर तोंडावर पडदा ओढून घेतला. “इथी पडदा ओढणं म्हणजे दार आपटण्यासारखं आहे, आई.”

ती रागावली असती तर मी दोन शब्द बोलले असते. ती रागावली नाही, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या लेकीच्या मदतीला सात समुद्र ओलांडून आले, तिच्या पायाखालची जमीन मीच काढली होती.

मी उठले, लुगडं बदललं, सात लाडू डब्यात घातले. लेक म्हणाली, आधी मेसेज करून वेळ घे, इथं असं कोणी जात नाही. मी म्हटलं, माफी मागायले वेळ घेऊन जातात काय? आणि निघाले.

शेजारणीनं दार अर्धंच उघडलं. तिचं इंग्रजी बेताचं, माझं शाळेतलं. पण चाळीस पोरांच्या वर्गात उभं राहून जिनं पाढे घोटून घेतले, तिला बोलायची काय भीती? मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. कॅलेंडर मी काढलं. लेकीला ठाऊकच नव्हतं. तुमच्याकडे माणसं काळे कोट घालून, फुलं घेऊन, गोल बसलेली पाहिली आणि मला वाटलं, मयत झाली. तान्हं बाळ घरात, म्हणून पडदा ओढला.

“कोणाची मयत?” तिनं विचारलं.

“तुमच्या बहिणीची,” मी खाली मान घालून म्हटलं.

तिचा चेहरा हलेना. मला वाटलं, झालं, आता दार बंद. मग ती भिंतीला टेकली, आणि अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की तिला जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. डोळे पुसत तिनं फोन लावला. पलीकडे बहीण, जिवंत, चांगली खणखणीत. शनिवारी ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, आणि रविवारी पडशानं आली नव्हती. शेजारणीनं तिला सगळं सांगितलं. पलीकडून असा आवाज चढला की मलाही ऐकू आला. मग शेजारणीनं मला तिचं म्हणणं सांगितलं. ती म्हणते, मी बेल्जियमात आल्यापासून तुला सांगतेय, तुमचे वाढदिवस सुतकासारखे दिसतात, आज भारतातून साक्षीदार मिळाली.

मग कॉफी झाली. बिस्किटाचा डबा निघाला, एक बिस्किट देऊन बंद झाला. मी माझा डबा उघडा ठेवला. तिनं तीन लाडू खाल्ले.

जायच्या आधी मी विचारूनच टाकलं, की नावं संडासात काऊन लावता, चांगल्या जागी का नाही? ती म्हणाली, चांगल्या खोलीत माणूस रोज जातोच असं नाही. तिथं मात्र रोज जावंच लागतं, आणि बसल्या बसल्या दुसरं काही कामही नसतं. मग कोणी विसरलं जात नाही.  

मग तिनं माझा वाढदिवस विचारला. आली का पंचाईत! कागदावर माझा जन्म एक जुलैचा. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेला. पुढे मास्तरीण झाल्यावर मीही कितीतरी पोरांना एक जुलैच लावली. माझी आई सांगायची, धान रोवण्याचे दिवस होते, बांधीतून चिखलाच्या पायांनीच घरी आले आणि तू झालीस. लेकीनं म्हणूनच माझं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. खोटी तारीख तिला लिहवेना आणि खरी कोणालाच माहीत नव्हती. शेजारणीनं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि मला दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. मंगळवार आणि गुरुवार, साडेआठला. सव्वाआठला नको.

मी निघायच्या दिवशी तिनं नातीला कडेवर घेतलं आणि मला हाताला धरून थेट तिच्या संडासात नेलं. तिथं तिचं कॅलेंडर होतं, जुनं, कडा पिवळ्या पडलेलं. त्यावर माझ्या नातीचं नाव होतं, तिच्या तारखेला. आणि तिनं बोट ठेवून दाखवलं, मी लाडू घेऊन गेले त्या मंगळवारच्या तारखेपुढे माझं नाव. खरी तारीख सापडेना, म्हणून तिनं मला तिच्या घरात मी पहिल्यांदा आले तो दिवस देऊन टाकला होता. साठ वर्षांत मला माझी अशी तारीख कोणी दिली नव्हती. परक्या देशात, परक्या संडासात उभी राहून मी ढसाढसा रडले, आणि नात माझ्याकडे टकामका पाहत राहिली.

लेकीच्या घरी परत येऊन तिचं कॅलेंडर, जे त्या दिवसापासून पुन्हा फळीवरच पडून होतं, ते काढलं आणि त्याच खिळ्याला लावलं. लावण्याआधी पेन घेतला आणि त्या मंगळवारच्या तारखेपुढे माझं नाव मीच लिहिलं.