मगदूम आण्णांचा नंबर एक भाडेकरू

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेते. यल्लाप्पा कांबळे, एस.टी.त ड्रायव्हर, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. आमच्या गल्लीत कुणालाबी विचारा, चांगला भाडेकरू कोण, तर ह्यांच्याकडंच बोट दाखवतील. मी संघप्रिया, त्या चांगल्या भाडेकरूची बायको. नाव ह्यांचं आणि राबणूक माझी, असा आमचा संसार.

ब्याण्णव साली ह्यांची बदली कोल्हापूर डेपोला झाली आणि हुपरी सोडून आम्ही खोली बघत हिंडाय लागलो. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, चहासुद्धा यायचा. मग घरमालक बशीत चहा ओतता ओतता हळूच विचारायचा, "आडनाव काय म्हणालासा?" कांबळे म्हटलं की त्याला एकदम आठवायचं, अरेच्चा, खोली तर मेव्हण्याला द्यायची हाय! कोल्हापुरात त्या साली एवढं मेव्हणं खोली शोधत होतं, नवलच की. आमची पोर दीप्ती तेव्हा कडेवर होती. तिला घेऊन मी जिने चढून उतरून थकले होते.

मगदूम आण्णांनीबी आडनाव विचारलं. ऐकलं, मान हलवली, आणि खिशातनं माडीची चावी काढून ह्यांच्या हातावर ठेवली. जैन माणूस, कपड्याचं दुकान, आवाज मोठा. म्हणाले, "हे बघा कांबळे, माझ्या घरात मटण, मासा, अंडं शिजणार न्हाय. आणि मी सांगंन तेव्हा घर सोडायचं, कोर्टकचेरी करायची न्हाय. चांगला भाडेकरू म्हणजे वेळेवर चावी परत देणारा." ह्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. ज्या माणसाला सगळ्या गावानं दारातनं परतवलंय, त्याला एकानं आत घेतलं की त्याचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्याच दिवशी हे मला म्हणाले, "संघे, ह्या गल्लीत आपल्यातलं आपणच पहिलं. आपलं कायबी चुकलं तर उद्या आपल्यातल्या कुणाला इथं खोली मिळायची न्हाय." मलाबी पटलं. तिथंच मी फसले.

मग सुरू झाला चांगुलपणा. आमच्या माडीवर पाट सरकवायचा न्हाय, उचलायचा. पोरीनं पळायचं न्हाय. फोडणीला लसूण टाकायचा तर रस्त्याकडची खिडकी उघडून. खाली आण्णा-आक्का सूर्य मावळायच्या आत जेवायचे, म्हणून संध्याकाळी आमचा मिक्सर बंद. आक्का म्हणजे आण्णांची बायको, राजमती आक्का. त्यांनी हे सगळं कधी सांगितलं न्हवतं हो! हेच शोधून काढायचे. "आक्कांना त्रास नको," म्हणायचे. आक्कांनी जिन्यात नुसतं "पापड घालायचं राहिल्यात" म्हणायचा अवकाश, "संघप्रिया घालंल की" असं बोलून हे गारगोटीकडची मुक्कामाची गाडी घेऊन मोकळे. पापड लाटायला मी, गव्हाला ऊन दाखवायला मी, नळाला पाणी आलं की खालची टाकी भरायला मी. आण्णा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचा भाडेकरू नंबर एक!"

कोल्हापूरच्या मातीत जन्मून मटणाशिवाय राहणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळंल. महिन्याकाठी हुपरीला बहिणीकडं जायचं, पोटभर तांबडा-पांढरा रस्सा हाणायचा, आणि परत येताना पोरीला बजावायचं, "आक्कांनी विचारलं तर काय खाल्लं? वांगं." दीप्तीला काविळीनंतर अशक्तपणा आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंडं द्या. स्टँडाजवळच्या गाड्यावर उभं करून पोरीला उकडलेलं अंडं चारलं मी, इकडं तिकडं बघत, चोरी केल्यागत. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली आणि ह्यांचा राग आला. मी ठरवलं, माझं घर पायजे. माझी चूल, माझा धूर.

सात-आठ वर्षं काटकसर करून शहराच्या कडेला पाचगावला जागा घेतली, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उठवलं. दाराला हिरवा रंग मी सांगितला. सामान बांधलं, टेम्पो ठरला, आणि त्याच आठवड्यात आण्णांना दवाखान्यात नेलं. त्यांचा पोरगा जिनेंद्र बेंगळूरला. दवाखान्यात आण्णांनी ह्यांचा हात धरला. म्हणाले, "यल्लाप्पा, ही एकटी पडंल. तू हाईस म्हणून मी निवांत जातो."

आता दुसरा कुणीबी असता तर म्हणाला असता, "आण्णा, बरं व्हा आधी, मग बघू." मरणाऱ्याला तेवढ्यानंबी समाधान होतं. पण आमचं हे! ह्यांनी छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, "आक्का असंस्तवर मी ते घर सोडणार न्हाय. शब्द देतो." मी पलीकडं उभी. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. आमच्याकडं जमिनीचा कागद खोटा निघंल, पण दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या दारात कुणी पाणी पीत न्हाय. आण्णा गेले, टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि मी बांधलेली भांडी परत मांडणीवर लावली.

पाचगावच्या घराला कुलूप. हे म्हणाले, भाड्यानं देऊया. मी म्हटलं, "खबरदार! त्या घरात आधी मी राहणार, मग कुणालाबी घाला." दर रविवारी के.एम.टी.च्या बसनं जायची, दारातलं गवत काढायची, फरशी पुसायची. स्टोव्ह पेटवून वाटीभर मटण शिजवायची आणि एकटीच खायची. मग लिंबानं हात धुवायची, आंघोळ करायची, आक्कांच्या जेवणाच्या आत परत. माझं घर मला आठवड्यातनं एकदा भेटायचं, जेलात माणसं भेटायला येत्यात तसं. फक्त आत कोण आणि बाहेर कोण, ते मला समजंना.

आक्का वाईट होत्या असं कुणी समजू नका. त्यांच्यावर राग धरायचं मला कधी जमलं न्हाय, तीच तर पंचाईत. सुरुवातीला माझ्या हातचा तांब्या घेताना जरा थांबायच्या. मी बघायची, त्याबी मला बघायच्या. पुढं एक बाजू लुळी पडली तेव्हा माझ्याच हातचं खाल्लं, माझ्याच हातानं खाल्लं. "तू गेलीस तर मी जेवायची न्हाय," म्हणायच्या. माया होती ती, मला कळत होतं. पण मायेनंसुद्धा माणूस बांधलं जातं की! दोरखंडानं बांधलेलं निदान ओरडतं तरी.

दीप्तीचं लग्न ठरलं. माझी एवढीच इच्छा होती, की मांडव पाचगावच्या दारात पडावा. हे म्हणाले, "आक्का इथं एकट्या कशा राहतील? हॉल घेऊया जवळचा." त्या दिवशी मी लई बोलले. म्हटलं, "चांगलं असल्याचा दाखला आपणच किती वर्षं द्यायचा ओ? समोरच्या माडीवर तो भाडेकरू टीव्ही मोठ्यानं लावतो, त्याचं सामान कुणी बाहेर टाकलं का? त्याला न्हाय लागत दाखला, मग आपल्यालाच का?" हे उठून हॉल ठरवायला गेले. लग्न हॉलमध्ये झालं. पोर सासरला गेली, आणि आईच्या हिरव्या दारात तिचं पाऊल एकदासुद्धा वाजत-गाजत पडलं न्हाय.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. मी रडले, खरंच रडले, लेकीनं रडावं तशी. आणि रडता रडता मनात टेम्पो ठरवत होते, हेबी खरं हाय. कुणाला काय म्हणायचं ते म्हणा.

दिवसकार्य उरकल्यावर जिनेंद्र वर आला. चांगला पोरगा. म्हणाला, "काका, मी काय इकडं येत न्हाय. तुम्ही इथंच राहा. भाडं नको एक रुपयाबी. खालच्या चाव्या पण तुमच्याकडंच ठेवा. तुमच्यासारखा माणूस मला कुठं मिळणार?"

ह्यांचा चेहरा असा फुलला, की आमच्या लग्नातबी एवढा फुलला नसंल. ते तोंड उघडायच्या आत मी उठले. खुंटीवरची चावी काढली आणि जिनेंद्रच्या पुढ्यात ठेवली. "तुझ्या वडलांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं बाबा, वेळेवर चावी परत देणारा तो चांगला भाडेकरू. आमाला लई उशीर झाला. ही घे."

जिनेंद्र गोंधळला. त्यानं हात पुढं केला न्हाय. ह्यांनी केला. चावी उचलली, खिशात टाकली आणि त्याला म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नको. मी हाय."

तो गेल्यावर मी विचारलं, "आता शब्द संपला की ओ. आता का?"

हे खिडकीपाशी गेले आणि खाली गल्लीकडं बोट केलं. मग म्हणाले, "इथं समदी मला आण्णांचा यल्लाप्पा म्हणत्यात. पोरंसोरं नमस्कार करत्यात. पाचगावात मी कोण गं? तिथं पुन्हा पहिल्यापासनं सगळं करायचं, आता माझ्यानं न्हाय व्हायचं."

तेव्हा मला पहिल्यांदा ह्यांची कीव आली. राग तर होताच. मी दुसऱ्या दिवशी माझी भांडी घेऊन पाचगावला आले. एकटीच.

त्याला आता वर्ष होत आलं. हे रिटायर झाल्यात. मगदुमांच्या घराची राखण करत्यात आणि रविवारी दुपारी इकडं जेवायला येत्यात. मी पाट खच्चून ओढते, मिक्सर लावते, लसणाची फोडणी घालते. हे दारात चप्पल काढून उभे राहत्यात, मी 'या' म्हणेपर्यंत आत येत न्हाईत. मागच्या रविवारी पलीकडची चिमणाबाई कुंपणावरनं ओरडली, "कोण पावणं आल्यात गं?"

माझा नवरा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हेच तिला म्हणाले, "शाहूपुरीतनं आलोय. जेवून लगेच जाणार हाय." मी आत गेले आणि ताट वाढलं.