प्रोग्रामर मी निवडला होता

"कोट्यातून मिळेल ते घ्यायचं. निवडायची सवय तुम्हा लोकांना कुठे असते गं?"

सर हे हसत म्हणाले. भर मीटिंगमध्ये. अंधेरीतली आमची कंपनी पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवते. बाकीचे टेबलाकडे बघत गालात हसले.

मी इंजिनीअर. वाकोल्याची, बौद्ध घरातली. सरांनीच काम दिलं होतं, नव्या चिपसाठी प्रोग्रामर निवड म्हणून. हा प्रोग्रामर म्हणजे माणूस नव्हे, छोटी डबी. कॉम्प्युटरवर लिहिलेला कोड ती चिपमध्ये उतरवते. मी वेगवेगळ्या डब्या लावून पाहिल्या. स्वस्तातली नक्कल मध्येच बंद पडायची. दुसरी कोड उतरवायची, पण चूक कुठे आहे ते कळू द्यायची नाही. तिसरी चालू कोड थांबवून आत काय चाललंय ते दाखवायची, आणि उद्या चिप बदलली तरी चालणार होती. मी म्हटलं, हीच घेऊ. त्यावर हे उत्तर.

काही दिवसांनी तीच डबी आली. सरांनीच मागवलेली. नव्या इंजिनीअरांना जमवून सांगायला लागले, सगळा बाजार पालथा घालून मी ही निवडली. कारणं माझी. क्रमसुद्धा माझाच. चोरी करतानाही बिचाऱ्यांना स्वतःचं एक वाक्य सुचलं नाही. मग मला म्हणाले, चल, यांना लावून दाखव.

मी उठले नाही.

"सर, ही निवड माझी आहे. तेव्हा मला काय म्हणालात, तेही यांना सांगा. मग लावते."

"अगं, मस्करी केली होती."

नंतर केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी किती मोठ्या मनाने मला घेतलं, मी कशी उगाच मनाला लावून घेते, हे समजावत बसले. मोठं मन म्हणे. स्वतः मामाच्या ओळखीने चिकटलेला माणूस, मला कोटा शिकवतो. मी म्हटलं, जिथे बोललात तिथेच माफी मागा. नाही मागितली. चारचौघांत अपमान करायची हिंमत होती, तेवढीच.

नोकरी मी सोडलेली नाही. मी जावं हेच त्यांना हवंय. माझं काम मी माझ्याच नावाने मांडणार. आणि पुन्हा कुणी जातीवर घसरला तर उत्तर त्याच टेबलावर, सगळ्यांदेखत मिळेल. समजूत काढून घ्यायला मी कुणाच्या केबिनमध्ये जाणार नाही.