हिंमतराव मास्तरांना करमत नव्हतं

हिंमतराव माझा मावसभाऊ. डोणगावच्या मराठी शाळेत चौथीचा मास्तर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि आमच्या शेतकरी घराण्यात पगारी नोकरी लागलेला हा पहिलाच. त्याच्या वर्गात मुलीही बसायच्या. बापांशी भांडून त्यानेच आणलेल्या.

एका दसऱ्यानंतर तो खचला. पहाटे जाग यायची, पण अंथरुणातून उठवत नसे. वर्गात खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहायचा. पोरं आधी खुसखुसली, मग घाबरली, मग सरळ कापूस वेचायला जाऊ लागली.

काय होतं विचारलं की उत्तर एकच : "मले करमत नाही."

या शब्दानेच घात केला. आमच्याकडे करमत नाही ते नव्या सुनेला, बदलून आलेल्या पटवाऱ्याला. त्यावर औषध एकच, माणसं! मावशीने लगेच पाहुणे बोलावले. ओसरीवर पत्ते, पानसुपारी, खिदळणं; हा भिंतीकडे तोंड करून. तरी करमेना, तेव्हा लग्न लावून दिलं. विहिरीत पडलेल्याला सोबत म्हणून वरून आणखी एकाला ढकलावं, तसं.

मग तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, काखेत थर्मामीटर लावलं. ताप नाही. ताप नाही म्हणजे आजार नाही, आजार नाही म्हणजे रजा नाही. शिकलेला माणूस, पण अक्कल त्या पाऱ्याच्या नळीएवढी!

नवी बायको रुख्मिणी मात्र हुशार. डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार आणि नवऱ्याची नोकरी जाणार, हे तिने ओळखलं.

"साहेबानं इचारलं तर हिवताप म्हना," ती म्हणाली. "अर्ध्या गावाले हाये. रजा भेटते."

"खोटं काऊन बोलू?"

"मंग खरं बोलून काय पिकून राह्यलं?"

तिने हेडमास्तर रंगरावांनाही पढवून ठेवलं. साहेब आले. फळा कोरा, वर्ग अर्धा रिकामा.

"मास्तर, हे काय?"

रंगराव पुढे सरसावले. "साहेब, हिवताप हाये त्याले. लय हुडहुडी भरते."

तर आमचा हरिश्चंद्र म्हणतो, "नाही साहेब. ताप नाही. करमत नाही."

"करमत नाही? मग तुमच्यासाठी शाळेत सर्कस आणवू का?"

अख्खा वर्ग हसला. महिनाअखेर नोकरी गेली.

त्या साहेबाला काय म्हणावं, आणि आमच्या या सत्यवानाला तरी काय! होळीच्या सुमारास तो आपला आपण सावरला. बोलू लागला, शेतावर जाऊ लागला. तेवढी रजा दिली असती तर कोणाचं काय जात होतं?

शाळेवर नवा मास्तर आला. मुलगे परतले, मुली नाहीत. हिंमतरावाला राहवेना. पूर्वीसारखा दारोदार गेला. गोजरबाईची लेक वर्गात सगळ्यात चलाख, तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "पोरीले शाळेत पाठव, बाई."

गोजरबाई सुपात ज्वारी पाखडत होती. हातही थांबवला नाही तिने.

"मास्तर, तुमी एवढे शिकले अन् घरी बसले. हे पोरगी शिकून काय करीन?"

"परीक्षा जवळ आली. पास होते ते."

"आता कायची परीक्षा? वैशाखात लगन हाये तिचं. तुमी जेवाले या."