अण्णाचा आगबोटीवरचा फोटो

आमच्या घरात चार माणसं एकत्र बसली की आगबोटीचा विषय निघतोच. दर वेळी कुणाला तरी एखादा नवाच किस्सा आठवतो. तेव्हा ज्यांचे जास्त हाल झाले, तेच आता जास्त हसतात.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही बेंगळूरचे, चामराजपेटमधले. घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मुंबईहून आगबोटीनं रत्नागिरीला जायचं ठरवलं. बरोबर वैनी, दोन वर्षांची जुळी बंडू-चिंगी आणि सामान उचलायला मी. गुडघ्यांमुळे अम्मा येणार नव्हती. लहानपणी तिनं अण्णाला विहिरीजवळसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “बोटीवर उभा राहिलेला तुझा फोटो आण. बाकी काही नको मला.”

अण्णानं लगेच बॉक्स कॅमेरा आणला.

*

मुलांना बोट लागू नये म्हणून गच्चीवर तालीम सुरू झाली. खाटेवर वैनी आणि मुलं. एका बाजूनं अण्णा, दुसऱ्या बाजूनं मी, दोघांनी खाट हलवायची. शेजारच्या अक्का रोज भिंतीवरून बघायच्या. मुलं मजेत झोपायला लागली. वैनींना मात्र चामराजपेटमध्येच बोट लागली!

*

खऱ्या आगबोटीवर मुलं झोपेनात. समुद्र अगदी शांत, आणि त्यांना सवय आमच्या खाटेची. शेवटी सतरंजीची झोळी करून डेकवर आम्ही दोघं ती हलवत राहिलो. एका खलाशानं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “कप्तानाला मदत करताय काय?”

*

मुलांनी कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून अण्णानं सांगितलं, यातून चिमणी येणार. चिमणी काही येईना. बिचारीला भूक लागली असेल म्हणून चिंगीनं भिंगासमोरच्या खळग्यात चुरमुरे भरले. आम्हांला कळलं तोवर निम्मा रोल संपला होता. पुढे बेंगळुरात रोल धुणाऱ्यानं मला विचारलं, “कोकणात बर्फ पडतं काय हो?”

*

कॅमेऱ्याला अण्णा कुणाला हात लावू देत नव्हता, त्यामुळे एकाही फोटोत तो स्वतः नव्हता. शेवटचा फोटो उरला तेव्हा वैनी चिडल्या, “आता अम्मांना काय दाखवणार?”

मग कॅमेरा माझ्याकडे आला. अण्णा मुलांना घेऊन कठड्याशी उभा राहिला. मी कॅमेरा वाकडा धरलाय म्हणून मुलांना वैनींकडे देऊन धावत आला, सरळ करून गेला, पुन्हा आला. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. मी दचकलो आणि बटण दाबलं गेलं. अण्णा तेव्हा माझ्या शेजारी होता.

फोटोत कठडा आला, वैनी आल्या, रडणारी मुलं आली. आमच्या दोघांच्या फक्त सावल्या डेकवर लांब पडलेल्या, टोपीवाली अण्णाची. घरी अम्माच्या हातात फोटो देताना त्याची मान वर होईना. मलाही फार वाईट वाटलं. अम्मा कितीतरी वेळ बघत राहिली. दुसऱ्याच दिवशी तिनं फोटोला चौकट करून घेतली.

शेजारच्या अक्का बघायला आल्या. अम्मानं टोपीवाली सावली दाखवली आणि म्हणाली, “हा आमचा अण्णा. समुद्राच्या उन्हानं स्वल्प काळा पडलाय.”